ज्येष्ठांच्या आजारांवर घरबसल्या देखरेख

मध्य रेल्वेच्या मार्गावर, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटर अंतरावर वसलेले डोंबिवली हे नोकरदारांचे शहर म्हणून महाराष्ट्रात परिचित आहे. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला आणि या परिसराचे भवितव्य मुंबईशी कायमचे जोडले गेले. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत, गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतील अपुऱ्या जागेला कंटाळलेली हजारो कुटुंबे मालकीच्या दोन खोल्यांच्या आशेने येथे आली. बँका, विमा कंपन्या, टपाल खाते, गिरण्या व शासकीय कचेऱ्या यांत नोकरी करणारी ही माणसे पहाटे उठून लोकल गाठीत आणि दिवेलागणीनंतर घरी परतत. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेच्या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख ४६ हजारांवर गेलेली होती.

तीस-पस्तीस वर्षे लोकलचा प्रवास केलेली ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तिने बांधलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतीही तिच्याबरोबरच वृद्ध झाल्या आहेत. त्यांपैकी अनेक तीन-चार मजली असून त्यांना उद्वाहक नाही. मुले शिकली, मोठी झाली आणि पुणे, बंगळूर किंवा त्याहूनही दूर, परदेशी स्थायिक झाली. साहजिकच तिसऱ्या मजल्यावर दोघेच वृद्ध पतिपत्नी, क्वचित त्यांतील एकच, असे चित्र शहराच्या जुन्या भागात जागोजागी दिसते. गुडघे दुखत असताना साठ पायऱ्या उतरून दवाखान्यात जावयाचे, तेथे तासभर बसावयाचे आणि पुन्हा साठ पायऱ्या चढावयाच्या, हा प्रत्येक वेळी एक लहानसा प्रवासच असतो. तो टाळण्याकडे कल असल्यास नवल नाही. आणि नेमका तोच टाळला जातो तेव्हा आजार बळावतो.

वृद्धापकाळातील आजार हे बहुधा पाहुण्यासारखे येऊन जाणारे नसतात. ते घरातील सभासद होऊन राहतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यावरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची देशव्यापी पाहणी केली. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार देशातील साठीपुढील सुमारे साडेसात कोटी लोक कोणत्या ना कोणत्या जुनाट आजाराने ग्रस्त आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक, तर उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या ३१ कोटींहून अधिक असल्याचा अंदाज मांडण्यात आला आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची क्षीण झालेली शक्ती आणि फुफ्फुसांचे जुनाट विकार या चौघांचे एक वैशिष्ट्य असे की, ते बिघडू लागल्याची पहिली खूण पुष्कळदा रुग्णाला जाणवत नाही. ती आकड्यात उमटते. डॉक्टर रुग्णाला महिन्यातून दहा मिनिटे पाहतात. आजार मात्र उरलेले सर्व दिवस घरीच असतो. हे अंतर भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे घरच्या घरी मोजमाप करणारी साधने आणि त्यांनी नोंदविलेले आकडे वैद्यकीय जाणकारापर्यंत पोहोचविणारे तंत्रज्ञान होय.

कोणते यंत्र काय सांगते

घरगुती साधनांत पहिला मान रक्तदाबमापक यंत्राचा, म्हणजे घरोघरी 'बीपीचे मशीन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनाचा आहे. इटलीतील वैद्य रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडावर पट्टा बांधून पाऱ्याच्या साहाय्याने रक्तदाब मोजण्याची रीत प्रचारात आणली. १९०५ मध्ये रशियन शल्यवैद्य कोरोत्कॉफ यांनी पट्टा सैल करताना रोहिणीतून ऐकू येणाऱ्या ध्वनींचा अर्थ लावला. या रीतीत कान तयार असावा लागे, म्हणून रक्तदाब मोजणे हे दीर्घकाळ डॉक्टर व परिचारिका यांचेच काम राहिले. आजचे विजेरीवरील यंत्र ध्वनी ऐकत नाही. पट्ट्यातील हवा कमी होत असताना रोहिणीच्या स्पंदनांमुळे त्या हवेत जे सूक्ष्म हेलकावे उठतात त्यांवरून ते गणिताने दोन आकडे काढते. त्यामुळे अक्षरओळख असलेली कोणतीही व्यक्ती ते वापरू शकते. मात्र ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत हे गणित चुकण्याचा संभव असतो, आणि अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच यंत्रावर विसंबावे.

घरी मोजलेल्या रक्तदाबाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. दवाखान्याच्या वातावरणातच कित्येकांचा रक्तदाब चढतो. घरी तो ठीक असतो. याउलट काहींचा दवाखान्यात नेमका ठीक भरतो आणि एरवी वाढलेला असतो. पहिल्या प्रकारातील माणसाला नको ते औषध मिळते, दुसऱ्याला हवे ते मिळत नाही. वयोवृद्धांच्या बाबतीत पहिली चूकही लहान समजू नये. औषधाने रक्तदाब फार उतरला तर पहाटे बिछान्यातून उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, आणि या वयात मांडीचे हाड मोडणे म्हणजे अनेकदा अंथरुणाला खिळणे असते. घरच्या मोजमापात १३५/८५ हा आकडा सामान्यतः दवाखान्यातील १४०/९० या मर्यादेशी समतुल्य धरला जातो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

मधुमेहींसाठी असलेला ग्लुकोमीटर हा बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर चालतो. त्यातील पट्टीवरील द्रव्याची रक्तातील साखरेशी प्रक्रिया होऊन अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तो मोजून यंत्र साखरेचे प्रमाण दर्शविते. दंडावर चिकटविण्याचे संवेदक आता बाजारात आले असून ते दोन आठवड्यांपर्यंत अखंड नोंद करतात. परंतु त्यांची किंमत सामान्य निवृत्तिवेतनधारकाला परवडणारी नाही. वृद्धांच्या बाबतीत साखर वाढण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष ती ७० च्या खाली घसरण्याकडे द्यावे लागते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे 'वयोमानाने होते' म्हणून सोडून दिली जातात आणि वेळ निघून जाते.

हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णांसाठी सर्वांत उपयुक्त साधन कोणते, असे विचारल्यास उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. ते म्हणजे साधा वजनकाटा. हृदय थकले की शरीरात पाणी साचू लागते. पायांवर सूज दिसण्यापूर्वी आणि रात्री धाप लागण्यापूर्वी ते वजनात उतरते. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले तर ते जेवणाने वाढलेले नसते. डॉक्टरांना त्याच दिवशी कळविण्याची ती खूण असते. दररोज सकाळी, शौचमुखमार्जनानंतर व न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवणे एवढ्याने रुग्णालयातील एखादा मुक्काम टळू शकतो.

या साधनांना आता दूरध्वनीची जोड मिळाली आहे. यंत्रातील आकडा बिनतारी पद्धतीने मोबाईलवर येतो, तेथून इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकावर जातो आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास नातलगाला किंवा रुग्णालयाला सूचना देतो. पडल्यावर आपोआप इशारा देणारी मनगटी व गळ्यातील साधनेही उपलब्ध आहेत. वरवर पाहता येथे प्रश्न सुटला असे वाटते. वस्तुतः तो येथे सुरू होतो.

साथीने दिलेला धडा

घरगुती मोजमापाचा सर्वांत व्यापक प्रयोग महाराष्ट्राने कोणतीही पूर्वतयारी नसताना केला, तो २०२० मध्ये. बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे ऑक्सिमीटर हे यंत्र त्यापूर्वी शस्त्रक्रियागृहाबाहेर फारसे कोणी पाहिलेले नव्हते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व मांडले. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणाप्रमाणे तांबडा व अवरक्त प्रकाश कमी-अधिक शोषला जातो, यावर ते आधारलेले आहे. सारे जग त्यांचे यंत्र विकत घेण्यासाठी धावत असतानाच, एप्रिल २०२० मध्ये, आओयागी यांचे निधन झाले.

कोविडच्या रुग्णांत धाप न लागताही प्राणवायू घसरत असल्याचे दिसून आल्यानंतर हे छोटे यंत्र घराघरांत पोहोचले. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात राबविण्यात आलेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आरोग्य कर्मचारी व स्वयंसेवक यांच्या पथकांनी घरोघरी जाऊन ताप व प्राणवायू मोजला आणि कुटुंबातील रक्तदाब, मधुमेह आदी आजारांची विचारपूस करून नोंदी घेतल्या. दाट वस्ती आणि मुंबईशी रोजचा संपर्क यांमुळे कल्याण-डोंबिवलीवर साथीचा भार मोठा होता. साथीच्या काळातील नावीन्यपूर्ण उपाययोजनांबद्दल केंद्र शासनाच्या स्मार्ट शहर स्पर्धेत कल्याण-डोंबिवलीला वाराणसीच्या जोडीने गौरविण्यात आले. जून २०२१ मध्ये हा निर्णय जाहीर झाला.

त्या दिवसांत सातवी-आठवी शिकलेल्या आजीसुद्धा दिवसातून तीन वेळा बोट यंत्रात घालून आकडा वहीत लिहीत होत्या. सहा मिनिटे चालून पुन्हा मोजावयाचे, हेही लोक शिकले. तंत्रज्ञान वृद्धांना जमत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला. परंतु हे साध्य झाले ते तीन गोष्टींमुळे. कोणता आकडा वाईट हे सर्वांना ठाऊक होते. ९४ च्या खाली गेला की थांबावयाचे नाही. त्यानंतर कोणता दूरध्वनी फिरवावयाचा हे ठाऊक होते. आणि त्या दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी उत्तर देणारे बसविलेले होते. साथ ओसरली, ती टेबले उठली, आणि ऑक्सिमीटर बहुतेक घरांत खणात जाऊन पडले. रक्तदाबाच्या बाबतीत या तीन गोष्टींपैकी पहिलीसुद्धा पुष्कळ घरांत नाही. यंत्र आहे, आकडा दिसतो, पण तो कोणाला सांगावयाचा हे माहीत नाही.

परदेशातील चार प्रयोग

इतर देशांत या विषयावर झालेले संशोधन या दृष्टीने बोधक आहे. इंग्लंडमध्ये २००८ मध्ये कॉर्नवॉल, केंट व लंडनमधील न्यूहॅम या तीन भागांत मधुमेह, हृदयविकार व फुफ्फुसविकार असलेल्या ३,२३० रुग्णांवर मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्यांच्या घरी मोजमापाची साधने बसविण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण साधने असलेल्या गटात ४.६ टक्के, तर नसलेल्या गटात ८.३ टक्के आढळले. मात्र पुढील हिशेबात असे दिसले की, झालेल्या खर्चाच्या मानाने रुग्णांच्या जीवनमानात पडलेला फरक फारच थोडा होता.

अमेरिकेतील प्रयोगाचा निकाल तर स्पष्टच निराशाजनक होता. हृदय क्षीण झालेल्या १,६५३ रुग्णांना रुग्णालयातून घरी गेल्यावर दररोज एका यंत्राला दूरध्वनी करून आपले वजन व लक्षणे सांगण्यास सांगण्यात आले. २०१० मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : पुन्हा रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू यांत काहीही फरक पडला नाही. १४ टक्के रुग्णांनी तर तो दूरध्वनी एकदाही केला नाही. यंत्राशी रोज बोलण्याचा उत्साह टिकत नाही, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले.

याच आजाराच्या १,५७१ रुग्णांवर जर्मनीत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. दर १०० रुग्णांमागे वर्षाला ते ११ वरून ८ च्या आसपास आले. तेथेही वजन, रक्तदाब, हृदयालेख व प्राणवायू यांचीच नोंद होत होती. फरक होता तो बर्लिनमधील केंद्रात. तेथे डॉक्टर व परिचारिका अहोरात्र उपस्थित असत, दररोज प्रत्येक रुग्णाचे आकडे पाहात, गरज पडल्यास स्वतः दूरध्वनी करीत, औषध बदलीत आणि रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलत. त्याच वर्षी इंग्लंडमधील सुमारे १,२०० रक्तदाबाच्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या आकड्यांवरून डॉक्टरांनी औषधाची मात्रा ठरविली तेव्हा वर्षअखेर वरचा रक्तदाब नेहमीच्या पद्धतीपेक्षा तीन ते पाच अंकांनी अधिक उतरला. त्यातील एका गटाने आकडे मोबाईलवरून पाठविले होते, तर दुसऱ्याने साध्या कागदावर लिहिले होते, आणि वर्षअखेर दोघांतील फरक फारच थोडा होता. वहीला कमी लेखण्याचे कारण नाही.

दुसऱ्या टोकाला कोण ?

हे प्रयोग डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर आणून पाहिले म्हणजे खरा पेच ध्यानी येतो. समजा, वडिलांचा रक्तदाब सकाळी १६८/९६ भरला आणि यंत्राने तो न्यू जर्सीतील मुलाच्या मोबाईलवर पाठविला. त्या वेळी तेथे रात्र असते. मुलगा दचकून उठतो, आईला दूरध्वनी करतो, ती शेजाऱ्यांना हाक मारते आणि शेजारी कामावर निघालेले असतात. आकडा सुमारे साडेबारा हजार किलोमीटर क्षणात गेला. परंतु मदत जिन्यातून वर यावयाची होती. दुसरीकडे कुटुंबाचे नेहमीचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी गर्दी असते आणि मोबाईलवर निरनिराळ्या घरांतून आलेल्या आकड्यांची छायाचित्रे साचलेली असतात. ती पाहण्यासाठी त्यांना वेळ नाही, त्याबद्दल शुल्क नाही, आणि न पाहिल्यास दोष मात्र आहे. या परिस्थितीत कित्येक डॉक्टर 'रोज पाठवू नका' असे सांगतात, ते अगदीच गैर म्हणता येणार नाही.

म्हणून साधन घेण्यापूर्वी काही गोष्टी ठरविणे अगत्याचे आहे. कोणत्या आकड्याला काय करावयाचे, हे डॉक्टरांनी त्या विशिष्ट रुग्णासाठी लिहून द्यावे. ऐंशी वर्षांच्या, अनेक आजार असलेल्या गृहस्थांची मर्यादा साठ वर्षांच्या धडधाकट माणसापेक्षा वेगळी असते. फुफ्फुसांचा जुनाट विकार असलेल्या कित्येकांना ८८ ते ९२ हाच प्राणवायूचा योग्य आकडा असतो, आणि ९४ चा नियम त्यांना लावल्यास विनाकारण घबराट होते. आठवड्यातून एकदा सर्व आकडे कोण पाहणार, हे नावानिशी ठरावे. ती व्यक्ती डॉक्टर असलीच पाहिजे असे नाही, प्रशिक्षित परिचारिका हे काम उत्तम करू शकते. आणि पाच मिनिटांत दारात पोहोचू शकेल असा एक माणूस, ज्याच्याजवळ घराची दुसरी किल्ली आहे, निश्चित असावा. गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर पाण्याच्या टाकीची सफाई व थकबाकीदारांची नावे लागतात. एकट्या राहणाऱ्या सभासदांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ही यादी सचिवांकडे असणे त्याहून कमी निकडीचे नाही. शहरांतून ठिकठिकाणी कार्य करणारे ज्येष्ठ नागरिक संघही या कामात पुढाकार घेऊ शकतील. सकाळच्या बैठकीस न आलेल्या सभासदाची चौकशी करण्याची प्रथा अनेक कट्ट्यांवर आहेच.

शासकीय यंत्रणेत याचा आदर्श शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र आरंभापासून सहभागी आहे. त्याची रचना साधी आहे : सर्वत्र एकच उपचारपद्धती, ठरावीक औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिकेने मोजलेला रक्तदाब, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि ठरलेल्या दिवशी न आलेल्या रुग्णाची दूरध्वनीने विचारपूस. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर या उपक्रमाचा सन्मान झाला. यातील शेवटची कडी, म्हणजे न आलेल्याला शोधणे, हीच देखरेखीचा प्राण होय. घरगुती साधने या साखळीला जोडली गेली तर त्यांचे चीज होईल.

२०१५ मध्ये महापालिकेत सामील झालेली २७ गावे आणि ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग येथे परिस्थिती वेगळी आहे. तेथे जिने नाहीत, पण अंतरे आहेत. मुले दूरदेशी नसली तरी दिवसभर कारखान्यात किंवा शेतावर असतात. तथापि गावाजवळ एक गोष्ट आहे जी शहराजवळ नाही. आशा स्वयंसेविका गावातील प्रत्येक घर ओळखते. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या आजारांची प्राथमिक माहिती भरून घेण्याचे काम तिच्याकडे आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असेल तेथे रक्तदाब व साखर मोजण्याची सोय असते आणि ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेमार्फत दूरच्या डॉक्टरांशी संपर्क साधता येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरूनही सल्ला घेता येतो. ग्रामपंचायतीने एक चांगले रक्तदाबमापक यंत्र, मोठ्या व लहान अशा दोन्ही पट्ट्यांसह, आणि एक वजनकाटा ठेवून आठवड्यातील एक वार ठरविला, तर प्रत्येक घरी यंत्र घेण्याची आवश्यकताच उरणार नाही. शाळेतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना आजी-आजोबांचे आकडे नीट लिहिण्यास शिकविणे हा विज्ञानाचा एक चांगला पाठ होऊ शकतो. आलेख काढण्यासाठी याहून जिवंत उदाहरण शिक्षकांना मिळणे कठीण.

खर्च, नियम आणि घराची अब्रू

साध्या साधनांच्या किमती आता आटोक्यात आहेत. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर व डिजिटल तापमापक या पाच साधनांच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली. ग्लुकोमीटरच्या बाबतीत मात्र खरा खर्च यंत्राचा नसून पट्ट्यांचा असतो. यंत्र एकदा घ्यावयाचे, पट्ट्या दर महिन्याला. म्हणून यंत्र घेताना त्याच्या पट्टीची किंमत आधी विचारावी.

शासनाच्या योजनांकडे या नजरेने पाहिले असता एक उणीव दिसते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे व त्यावरील, दोन लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र व्यक्तींना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, गुडघ्याचा व कमरेचा पट्टा अशा साधनांचा त्यात उल्लेख आहे. ही साधने शरीराला आधार देणारी असून गरजेचीच आहेत. पण मोजमापाच्या साधनांचाही अशा याद्यांत विचार होणे इष्ट ठरेल. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना लागू झालेले आयुष्मान भारत योजनेचे वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. रुग्णालय टाळण्यासाठी घरी करावयाचा खर्च अद्याप कुटुंबावरच पडतो.

दूरध्वनी किंवा चलत्‌चित्राद्वारे सल्ला देण्यास २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी कायदेशीर चौकट मिळाली आहे. नोंदणीकृत डॉक्टरच असा सल्ला देऊ शकतात आणि निकडीच्या प्रसंगी तो प्रत्यक्ष उपचारांची जागा घेऊ शकत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा संमत झाला असून आरोग्याची माहिती गोळा करणाऱ्यांना संबंधित व्यक्तीची संमती घेणे त्यान्वये आवश्यक ठरते. संमती म्हणजे ज्याचा रक्तदाब मोजावयाचा त्याची. पैसे देणाऱ्या मुलाची नव्हे. ही गोष्ट कुटुंबांत सर्रास विसरली जाते. काळजीपोटी आईवडिलांच्या खोलीत कॅमेरा बसविणारी मुले आहेत, आणि त्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकून ठेवणारे आईवडीलही असणारच. त्यांचा तो रुमाल समजून घेतला पाहिजे. जन्मभर स्वतःच्या हिमतीवर संसार केलेल्या माणसाला मदत हवी असते, पाळत नको असते. वजन आणि रक्तदाबाचे आकडे देण्यास राजी असलेली व्यक्ती आपण किती वाजता उठलो हे सांगण्यास बांधलेली नाही.

मोजण्याची रीत

चुकीच्या रीतीने मोजलेला आकडा हा न मोजलेल्या आकड्याहून घातक ठरू शकतो, म्हणून थोडा तपशील येथे देणे उचित होईल. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. जिना चढून आल्यावर, चहा किंवा तंबाखू घेतल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, दंड उघडा व हृदयाच्या पातळीवर टेकलेला, अशी बैठक असावी. बाहीवरून पट्टा बांधू नये. मोजताना बोलू नये, दूरचित्रवाणी बंद असावी. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. अधिक चांगला तेवढाच लिहिण्याचा मोह टाळावा. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ असे मोजून, पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढली, तर ती त्यांना सर्वांत उपयोगी पडते. एरवी दिवसातून आठ-दहा वेळा मोजत बसल्याने चिंता वाढते आणि चिंतेने रक्तदाब. दंडाचाच पट्टा असलेले यंत्र घ्यावे, मनगटाचे शक्यतो टाळावे. दंड जाड असल्यास मोठा पट्टा मागून घ्यावा, कारण आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवितो.

ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी बोट गार असल्यास चोळून ऊब आणावी, नखांवरील रंग काढावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. वर्षातून एकदा घरचे रक्तदाबमापक दवाखान्यात नेऊन तेथील यंत्राशी ताडून पाहावे. विजेऱ्या कमी झालेले यंत्र बंद पडण्यापूर्वी काही काळ चुकीचे आकडे देऊ शकते.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादा, चालू औषधांची नावे व मात्रा, डॉक्टरांचा आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या शेजाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. त्याखाली दोन क्रमांक असावेत : २०१४ पासून राज्यात कार्यरत असलेल्या तातडीच्या रुग्णवाहिकेचा १०८, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७. छातीत दुखणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास यंत्र शोधत बसू नये. प्रथम १०८ लावावा.